बशीचे दोन फेरे

मगदूम मॅडम वर्गात भडंग घेऊन आल्या,
त्या दिवशी सांगलीत लाइट नव्हती.
स्टीलची बशी उजव्या तळव्यावर,
बशीत मूठभर भडंग, वर एक तळलेली मिरची.
"बशी सोडायची नाही, दाणा सांडायचा नाही,"
म्हणाल्या, आणि बशी काखेखालून आत वळवली.
एक फेरा पुरा.
बशी होती तिथेच, तोंड वर,
पण कोपर आढ्याकडे, खांदा पिळलेला,
आणि पदर चष्म्यावर.
"बशी म्हणते, मी परत आले. हात म्हणतो, नाही."
मग त्याच दिशेनं, डोक्यावरून, दुसरा फेरा,
आणि हात सरळ. जसं काही झालंच नव्हतं.

फळ्यावर मग चार घरांची एक संख्या मांडली.
एक घर साधं, तीन हट्टी:
आय गुणिले जे म्हणजे के,
जे गुणिले आय म्हणजे उणे के.
आधी कोण, नंतर कोण, याला इथे मान होता,
लग्नाच्या आहेरात असतो तसा.
मागच्या बाकावरून कुणीतरी (मीच) विचारलं,
"याचं करायचं काय, मॅडम?"
"काही नाही. भडंग खायचं. सतारमेकर, तू वाट."

आमच्या घरी, मिरजेत, आढ्याला भोपळे टांगलेले.
अब्बा एकेक उतरवून हातात फिरवत,
टिचकी मारत, कानाशी नेत, पुन्हा फिरवत.
त्यांना कधी कोन मोजावा लागला नाही.
मला लागतो. मी हाडं फिरवतो.
सीटी स्कॅनच्या पातळ चकत्या एकीवर एक रचून
पडद्यावर गुडघा उभा करतो.
आधी तीन आकड्यांनी वळवायचो:
होकार, नकार, आणि खांद्याकडे कललेली मान.
पण होकार नव्वद अंशांवर गेला
की नकार आणि कलणं एकाच आसावर येतात,
एक दिशा हरवते,
गुडघा गचका खातो, सर्जन वैतागतात.

दोन रात्री गेल्या. मग बशी आठवली.
चार आकडे लिहिले, कोन निम्मा केला,
कुणीच न पाहिलेल्या एका गोलावरून
जवळची वाट काढली,
आणि हाड वळलं
हरिपूरच्या संगमाशी नाव वळते तसं.
प्रोग्राममध्ये माझी टीप अजून आहे:
चिन्ह उलटं आलं तरी जागा तीच. घाबरू नये.

मार्चमध्ये एक फाइल आली.
स्त्री, वय एकाहत्तर, डावा गुडघा, कूर्चा संपलेली.
आडनाव मी दोनदा वाचलं.

केबिनमध्ये त्या वॉकर धरून बसलेल्या.
डॉक्टर गुडघा फिरवत होते, मागून, खालून,
धातूची टोपी कुठे बसेल ते दाखवत.
त्यांनी टोपी पाहिलीच नाही. वळणं पाहिलं.
"गचका खात नाही," म्हणाल्या.
"चार आकडे," मी म्हणालो.
बराच वेळ गप्प.
"किती फेऱ्यांत परत येतो?"
"गुडघा एका. गणित दोन."
डॉक्टरांना वाटलं, ऑपरेशनबद्दल चाललंय.

खाली कँटीनमध्ये चहा आला.
मॅडमनी थोडा बशीत ओतला,
बशी तळव्यावर घेतली.
"खांदा शाबूत आहे अजून."
काखेखालून पहिला फेरा.
फडकं मारणारा पोरगा थांबला.
कोपर आढ्याकडे, चेहरा आक्रसलेला,
बशीच्या काठाशी चहा थरथरतोय,
"अजून परत आले नाही," त्या म्हणाल्या.