विषाची परीक्षा

"विषाची परीक्षा घेऊ नये," आई म्हणाली,
मी फॉर्म भरत होते तेव्हा.
म्हण म्हणून म्हणाली, सवयीनं,
हात कोथिंबिरीत.
फी किती, ते मागाहून विचारलं.

अण्णा ढेकूण मारायचे.
भायखळ्याच्या एका पेस्ट कंट्रोलमध्ये बावीस वर्षं,
खांद्याला पंप, नाकावर माझ्या जुन्या फ्रॉकचा तुकडा.
नागपाड्यातली लॉजं, फोर्टातली गोदामं,
मलबार हिलची स्वयंपाकघरं,
जिथं मागच्या जिन्यानं जायचं.
घरी आले की आधी मोरीत.
आम्हाला जवळ घ्यायचे नाहीत.
आम्हाला वाटे, रागीट आहेत.

दुसऱ्या सत्रात, कलिन्याला,
खुर्शीद मॅडमनी फळ्यावर लक्षणं लिहिली:
डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, घाम,
बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या,
बोटांत बारीक थरथर.
मी उतरवून घेत होते
आणि थरथरीपाशी थांबले.
रविवारची बशी. चहा पिताना वाजणारी.
मॅडम म्हणाल्या, पुढे लिहा, वेळ कमी आहे.

प्रात्यक्षिकाला रक्त आणायचं होतं,
आपलं किंवा घरच्या निरोगी माणसाचं.
मी अण्णांचं नेलं.
चिठ्ठीवर लिहिलं, निरोगी.
आकडा इतका खाली आला
की मॅडमनी रसायन बदलून पुन्हा करायला लावलं.
पुन्हा तोच.
त्या प्रयोगाला मला दहापैकी नऊ मिळाले.
एक अक्षराचा गेला.

मात्रा हा शब्द मला आधीपासून येत होता:
अक्षराच्या डोक्यावरची तिरकी रेघ,
कवितेत बोटांवर मोजायची ती,
सहाणेवर उगाळून मधातून चाटवलेली.
आता ही:
किती घेतलं तर औषध,
किती घेतलं तर पंचनामा.

पहिली नोकरी रबाळ्याला, उंदरांची.
निम्मे मरतील तो आकडा काढायचा.
उरलेले निम्मे नंतर आपणच मारायचे,
हे जाहिरातीत नव्हतं.
अकरा महिने टिकले.

मग सरकारी प्रयोगशाळा.
बरण्या. मिठाच्या पाण्यात जठर, यकृताचा तुकडा,
लाखेचं सील, पोलीस ठाण्याचं नाव,
एकदा, वय: नऊ.
आमचे हेल्पर तांडेल
झाकण किलकिलं होताच म्हणत, "लसूण."
म्हणजे फवारणीचं औषध.
यंत्राला चाळीस मिनिटं लागत,
तेही तेच सांगे, दशांश चिन्हासकट.
वेसाव्याचा माणूस,
पण डब्यात मासळी कधी आणली नाही.

बघायला आलेल्यांना मामा म्हणाला, मुलगी केमिस्ट आहे.
मी म्हटलं, विष तपासते.
मुलाच्या आईनं कप बशीत ठेवला तो ठेवलाच.
मुलगा प्यायला. दुसराही मागितला.
त्याच्याशी लग्न झालं, असं काही नाही.
त्याला चहा आवडायचा, इतकंच.

दिंडोशीच्या कोर्टात वकिलानं विचारलं,
म्हणजे बाईंनी मुद्दाम घेतलं, असं तुमचं म्हणणं?
मी म्हटलं, माझं म्हणणं मिलिग्रॅममध्ये आहे.
ते तसंच टाइप झालं.
मागच्या बाकावर गेलेलीची बहीण होती.
बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली,
मी आणखी काही बोलेन म्हणून.

अण्णा आता घरीच असतात.
झुरळ दिसलं तर चप्पल घेतात,
फवारा घरात आणू देत नाहीत.
दर सहा महिन्यांनी मी त्यांचं रक्त नेते.
चिठ्ठीवर नाव लिहिते, वय लिहिते,
पुढची जागा कोरी.
आकडा चढतोय, मुंगीच्या पावलानं.
बशी वाजतेच.

परवा त्यांनी माझा हात ओढून घेतला,
उजेडात धरला,
बोटं ताठ करायला लावली आणि बघत बसले.
मग म्हणाले, हातमोजे घालतेस ना?
घालते.
किती?
एकावर एक, म्हटलं. दोन.