फूटपट्टीएवढं पाणी

अंबडच्या शेडमध्ये माझ्या बाकावर
काचेची एक वाकवलेली नळी आहे,
लाल पाण्याने अर्धी भरलेली.
दिवसाला चारशे रेग्युलेटर तिच्या तोंडी लावते मी.
एका बाजूचं पाणी उतरतं, दुसरीकडचं चढतं,
मधलं अंतर तीस सेंटीमीटर भरलं
की हिरवा ठिपका.
तीस सेंटीमीटर. पोराच्या दप्तरातली फूटपट्टी.
तुमच्या घरचा वरणभात, पुरणपोळी, बाळंतिणीचं पाणी,
सगळं एवढ्याशा जोरावर चालतं.

टाकीत मात्र वेगळाच दंगा असतो.
मे महिन्यात उन्हात तापलेल्या टाकीतला गॅस
हेच पाणी वीस मजले चढवील.
जानेवारीत निफाडकडे द्राक्षांवर बर्फ धरतो,
तेव्हा त्याच्या निम्म्यालाही त्याचा दम पुरत नाही.
आत काहीही असो,
बाहेर फूटपट्टीच यायला हवी.

दातीरकाकांनी पहिल्याच दिवशी
एक रेग्युलेटर करवतीने मधोमध कापून हातात दिला.
"वर स्प्रिंग, खाली गॅस, मधे रबराचा पडदा."
पडदा बांगडीएवढा, हाताला दुधावरच्या सायीसारखा.
स्प्रिंग त्याला खाली दाबते: दार उघड, येऊ दे.
गॅस खालून फुगवतो: बास, भरलं.
पडद्याला टेकलेली एक इवलीशी पट्टी,
तिच्या टोकाला दार,
तांदळाच्या दाण्याएवढं.
शेगडी मोठी केली की खालचा गॅस ओसरतो,
पडदा बसतो, दार किलकिलं होतं.
शेगडी बंद केली की पाणी दोन-तीन बोटं जास्त चढतं,
आणि मग तिथेच गप्प उभं राहतं.
"हा मोजत नाही ग, तोलतो," काका म्हणायचे,
आणि तंबाखूची चिमूट दाढेला लावायचे,
गॅसच्या शेडमध्ये एवढंच चालायचं.

वरच्या टोपणाला एक भोक असतं.
त्यातून गॅस नाही, साधी हवा जाते येते.
पडदा वर आला की ती बाहेर,
खाली गेला की आत.
नवीन पोरी विचारतात, हे चुकून पडलंय का?

मागच्या चैत्रात म्हसरूळच्या एका वसतिगृहातून
भटारखान्याचा मोठा रेग्युलेटर परत आला.
तक्रार: सकाळी जाळ रुसतो,
दुपारी कुणी हात न लावता भडकतो.
पाणी माझ्या नळीत अडखळत चढलं,
दारू प्यायलेल्या माणसासारखं.
स्प्रिंग ठीक. पडदा ठीक. दार स्वच्छ.
मग भोकात तार घातली
तर सुकलेली माती.

कुंभारीण माशी.
नळाखालच्या चिखलाच्या गोळ्या आणून
तिने लेकरांसाठी खोली बांधली होती,
आत बारीक कोळी रचून ठेवलेले,
मेलेले नाहीत, नुसते गुंगलेले.
एक अळी होती, पांढरी, कणीएवढी.
टोपणाखालची हवा कोंडली,
दुपारच्या उन्हात तापून फुगली,
पडद्यावर बसली दुसरी स्प्रिंग होऊन.
दार मिटेचना.
तेवीस मुलींच्या पोळ्या त्या माशीने करपवल्या,
आणि तिला गॅस म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं.

माती काढली. पाणी तिसावर येऊन थांबलं.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: कुंभारीण.
थेटेसरांनी खोडून लिहिलं: बाह्य अडथळा.
अळी मी कागदावर घेऊन
कंपाउंडच्या भिंतीपाशी ठेवली.
ती जगणार नव्हती, हे कळत होतं.

संध्याकाळी सिडकोत, ओट्याखाली वाकून
आमच्या टाकीवरचं भोक बघत होते.
खैरनारवहिनी दारातून म्हणाल्या, "काय पडलं ग?"
"काही नाही," म्हटलं.
वर दूध तापत होतं,
निळ्या जाळावर, सावकाश,
आणि माझ्या बोटाच्या टोकाखाली
काहीतरी अगदी हळू श्वास घेत होतं
किंवा मला तसं वाटलं.