दुभाषी

एल आल्तोत हवा विरळ,
पैसा त्याहून विरळ.
नऊ वर्षं लिंबर्टची जीभ मीच होते.
त्याने भुवया उचलल्या की हो,
डोळे मिटले की नको,
आणि मधलं सगळं माझ्या मर्जीचं.

आई पहाटे चारला मक्याचं जांभळं आपि उकळायची,
केबल कारच्या थांब्यापाशी विकायला.
परतली की आयमारात विचारायची, काय म्हणतोय गं हा?
मी सांगायचे, केळं हवंय म्हणतो.
अर्धं कुस्करून त्याला भरवायचे,
अर्धं माझं.
मी सांगायचे, मालिका लाव म्हणतो.
मी सांगायचे, आज झुल्माने घरीच थांबावं म्हणतो.
आई मान डोलवायची.
तिला बरंच वाटायचं, दोन्ही पोरांचं एकमत.

सरकारी खिडकीतल्या बाईंनी तीनदा परत पाठवलं.
उत्पन्नाचा दाखला आणा.
आपिची पावती कोण देणार?
गिऱ्हाईक पेला रिकामा करतं, ओठ पुसतं,
आणि दोरावर लटकून ला पासला उतरून जातं.
डॉक्टरांचं पत्र आणा.
आणलं, तोवर त्यावरची तारीख शिळी.
नव्या यंत्राची किंमत ऐकून आई एवढंच म्हणाली,
'बोलायला इतके पडतात?'

डॉन फाउस्तो गुरुवारच्या बाजारात
मेलेले संगणक किलोवर घेतो.
एकाचं पोट, दुसऱ्याचा पडदा,
तिसऱ्याच्या कीबोर्डवर कुठल्याशा बँकेतल्या कॉफीचे डाग.
बंद पडलेल्या व्हिडिओ गेममधून
त्याने एक लाल बटण उपटलं
आणि खुर्चीच्या उशीपाशी सायकलच्या ट्यूबने बांधलं.
पैसे?
'दर रविवारी एक पेला आपि. साखर कमी.'

पडद्यावर अक्षरांवरून पिवळी चौकट सरकते.
हव्या त्या अक्षरावर आली की गालाने दाबायचं.
हुकलं, की पुन्हा सगळी फेरी.
तीन आठवडे लिंबर्टने नुसता 'क्यू क्यू क्यू' लिहिला.
शेजारीण म्हणाली, नाही जमायचं गं त्याला.
फाउस्तोने बटण दोन बोटं खाली आणलं.

चौथ्या रविवारी
पंचवीस मिनिटं घाम गाळून
त्याने दोन वाक्यं जुळवली,
आणि संगणकातला माद्रिदचा बुवा
बातम्या द्याव्या तसा बोलला:
'झुल्मा खोटं सांगते. मला केळं आवडत नाही.'

आई हसू की मारू, ठरवत राहिली.
मी माझे बूट बघत राहिले.
डॉन फाउस्तोला अचानक
एक हरवलेला स्क्रू शोधायचा होता.

मग थकबाकी वसूल व्हावी तसं येत गेलं.
उजव्या कुशीवर निजवू नका.
डॉक्टर माझ्याशी ओरडून का बोलतात, मी बहिरा नाही.
मालिका चालेल. (हुश्श.)
शाळेत जायचंय.
हे मी कधीच सांगितलं नव्हतं.
लपवलं नव्हतं, शप्पथ.
एवढं त्या दोन भुवयांत मावत असेल,
मला दिसलंच नव्हतं.

त्या बुवाला आयमारा येत नाही.
लिंबर्ट एकेक अक्षर लावून आईचे शब्द लिहितो,
आणि बुवा ते असे उच्चारतो
जसा तोंडात गरम बटाटा धरलेला पाहुणा.
पण आई पातेलं सोडून वळते.
'काय रे?' म्हणते.
त्याला.
माझ्याकडे न बघता.

पहिले काही दिवस मला ते लागलं. लागलं म्हणजे लागलंच.

बॅटरी जुनी, चाळीस मिनिटांची.
काल वीज गेली, पडदा काळा झाला,
आणि त्याच्या भुवया उठल्या,
पूर्वीसारख्याच, माझ्याकडे.
मी 'केळं' म्हटलं नाही.
स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले
आणि एकेक अक्षर म्हणू लागले, हळू,
पिवळ्या चौकटीच्या चालीने.
भुवई हलेपर्यंत थांबले.
पहिलं अक्षर मिळाल्यावर शब्द ओळखू येत होता,
तरी ओळखला नाही.

'पाणी'ला सात मिनिटं लागली.
लागू देत.