बद्द

हाळी रुपयावर चारमिनार असतो
आणि मधल्या कमानीत, दारवान उभा राहावा तसं
एक अक्षर.
मीम असेल तर बापाच्या काळातला,
ऐन असेल तर मुलाच्या.
हे मला हिंगोलीच्या खाजामियाँ घड्याळजींनी शिकवलं,
डोळ्यावरचं भिंग न काढता.

एकतीस वर्षं बँकेत कॅशियर होते.
तिथं चूक म्हणजे पगारातून कपात.
संध्याकाळी इथं, त्यांच्या काचेपाशी, चुकीलाच भाव.
ठसा पडताना चकती सरकली,
एक मिनार काठाबाहेर गेला,
त्या रुपयासाठी नांदेडचा डॉक्टर दोनदा येऊन गेला.
दिला नाही.

पण चूक टांकसाळीतच व्हावी लागते.
नंतर कुणी घासलं, कानस मारली, भोक पाडलं,
तर ते नुसतं नुकसान.
पैदाइशी तीळ वेगळा, चाकूचा वण वेगळा,
खाजामियाँ म्हणायचे.
आता ते नाहीत. भिंग माझ्याकडे आहे.

मंगळवारच्या बाजाराला
औंढ्याकडच्या तांड्यावरून सोमलीबाई आली.
खताच्या पिशवीत कांचळी,
आरसे, कवड्या आणि सतरा रुपये,
प्रत्येकाला भोक.
मी मनातल्या मनात भाव अर्ध्यावर आणला.
भोक नेमकं कमानीतूनच गेलेलं.
बाप की मुलगा, कळायला जागा नाही.

ती दातानं दोरा तोडायची,
मी काट्यावर ठेवायची.
अकरा ग्रॅमला थोडा कमी. थोडा कमी. बराच कमी,
हा छातीच्या मधोमध झिजलेला.
चौदाव्याला नख अडलं.
कडेला ओतकामाची शिवण,
अंगावर बारीक पुळ्या,
हाताला साबण लावल्यासारखा.
काचेवर टाकला.
बद्द.

कसं सांगावं, म्हणून मी भिंग पुसत बसले.
तीच म्हणाली,
"त्यो खोटा हाय, म्हाईत हाय मला.
खरा कंपौंडरला दिला याडीनं, मी तापात व्हते तवा.
जागा उघडी दिसू नये म्हून ह्यो लावला.
नाचताना सोळा वाजायचे अन् एक न्हाई.
अंधारातबी बाया वळखायच्या,
सोमली आली म्हून."

मग जरा थांबून,
"ह्याचं काय देता?"

भाव सांगायची मला सवय आहे.
म्हटलं, ह्याचं काही येत नाही, बाई.

"मग ऱ्हाऊ द्या."
माझ्याकडूनच सुईदोरा मागून घेतला
आणि मोकळ्या झालेल्या सतरा जागांपैकी
जुन्याच जागी, डावीकडे, तो टाचला.
कांचळी झटकून पाहिली.
आता त्याच्यावर आपटायला दुसरं काही नव्हतं.

ती गेली. सोळा रुपये काचेवर.
वहीत आधीच सतरा लिहून बसले होते.
आडवी रेघ मारून सोळा केलं
आणि खाडाखोडीशेजारी, सवयीनं,
सही केली.