वळसा

फशाबाई पोटिंदे गेली, हे मला
घोटीच्या स्टँडवर कळलं.
लसीचा डबा मांडीवर, आतला बर्फ पाझरत चाललेला.
सांगणारा केळी विकत होता.
म्हणाला, बेटावरची तरवाली. ओळखत असाल तुम्ही.

ओळखत होते.
अकरा वर्षं, दर दुसऱ्या बुधवारी
तिच्या नावेत मी पाय आखडून बसले.
आधी ती डब्याला जागा करायची, मग मला.
"औषध मधी. नर्सबाई कडंला."
शेळी असली तर शेळी माझ्या शेजारी.

तिचे हात आठवू गेलं तर
वल्ह्याची मूठच डोळ्यांपुढे येते,
सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, घामानं काळी.
घट्टे असे, की पेटत्या वातीची काजळी
ती चिमटीनंच खुडायची.
पहाटे दुधाच्या किटल्या, मग शाळेची पोरं,
मग सिमेंट, नागलीची पोती, सिलिंडर, नवरी,
एकदा मतदानाचं यंत्र आणि त्याचे चार साहेब.
साहेब एकाच अंगाला बसले तशी खेकसली,
"सरकार असलं तरी कलंडतंय."
त्या वर्षी यादीत तिचं नाव नव्हतं.
त्याबद्दल ती काही बोलली नाही.
परतीचं भाडं मात्र मोजून घेतलं. दोनदा मोजलं.

पाण्याखालचं गाव तिला पाठ होतं.
धरण भरलं तेव्हा नऊ वर्षांची होती.
"आता खळ्यावरनं चाललो.
ही मारुतीची पायरी.
हितं वाकू नको, खाली आड हाये."
मी वाकायचीच. हिरवं, गढूळ, काही नाही.

आणि एका जागी, सरळ वाट समोर असताना,
ती नाव डावीकडं काढायची.
मोठा वळसा. उलट्या वाऱ्यातसुद्धा.
चौथ्या वर्षी मी विचारलं.
"धोंडू लचक्याचं घर हाये तितं.
माझ्या बापाचा बांध कोरला त्यानं.
त्याच्या दारावरनं मी जायची न्हाई."
बांध पाण्यात. बाप गेलेला. धोंडूही गेलेला.
ती वल्हं मारत राहिली.

श्रावणातली एक रात्र मी कुणाला नीट सांगितलेली नाही.
सुंद्रीला कळा, वारा असा की कंदील दोनदा विझला.
मला म्हणाली, धर वल्हं.
मी धरलं, तर नाव जागच्या जागी गोल फिरली.
मग तिनंच कंदिलाची कडी दातात धरली
आणि मी माझ्या कामाला लागले.
पोर मधेच झालं, ना इकडं ना तिकडं.
सकाळी रजिस्टरात जन्मठिकाणाच्या रकान्याशी मी अडले.
ती तंबाखू मळत म्हणाली,
"लिही, चिंचंवर.
खाली भगताची चिंच हाये. बरोब्बर शेंड्याला झालं."
मी उपकेंद्र लिहिलं.
तेवढं एक खोटं माझ्या सहीनं आहे.

काल दहाव्याला गेले.
आता फायबरची नाव, नारिंगी जाकिटं,
मागं इंजिन, त्याच्या दांड्याला तिचा हिरामण.
जुनं वल्हं तळाला पडलेलं,
त्यावर कुणाची तरी भाजीची पिशवी.
खळं गेलं, पायरी गेली. कुणी नावं घेतली नाहीत.
इंजिनाला काय, ते सरळ निघालं.
माझंच अंग आपोआप डावीकडं झुकलं,
जाकिटातल्या जाकिटात.

तेवढ्यात मागनं एक म्हातारी ओरडली,
पिंडासाठीच्या तांदळाची पुरचुंडी पोटाशी धरून बसलेली,
धोंडूची बायको, बुधाबाई.
"अरं वळव. वळव की!
दारावरनं नको नेऊ.
तिचं आमचं अजून मिटल्यालं न्हाई."

हिरामणनं दांडा दाबला.
डिझेल पेलाभर जास्त गेलं असेल.