मोजायचं राहून गेलं

किर्केनेसला नोव्हेंबरात सूर्य रजेवर जातो
तो जानेवारी सरत आला की कामावर रुजू होतो.
मधल्या अंधारात कुणीतरी जन्माला येतंच,
आणि रात्री अडीचला माझा फोन वाजतो.

मी सुईण नाही, हे आधीच सांगते.
माझ्याकडे हातमोजे नाहीत, कात्री नाही.
प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी बजावलं होतं:
डूलानं तपासायचं नाही, सल्ला द्यायचा नाही,
भाषांतर तर मुळीच नाही,
त्यासाठी वेगळा माणूस असतो, फोनमध्ये.
मग करायचं काय, मी विचारलं.
बाई हसल्या. म्हणाल्या, बसायचं.

दिवसभर मी मासळीच्या कारखान्यात उभी असते.
बसणं हेही काम असतं
हे पटायला मला दोन बाळंतपणं लागली.
दुसऱ्यांची.

लेतेब्रहानला तीन कळा गाड्यांच्या तळावरच आल्या.
बर्फात गुडघे टेकून तिनं माझ्या कोटाचं बटण तोडलं.
आत टूरबिएर्ग, साठीची सुईण, चष्मा कपाळावर,
मोजत होती: मिनिटं, सेंटिमीटर, ठोके.
आणि फोनमधला दुभाष्या, बेर्गेनचा, आमच्याकडचाच कुणी,
घसा खाकरून विचारायचा,
"त्या म्हणताहेत, एक ते दहात किती दुखतंय?"
लेतेब्रहान माझ्याकडे बघायची.
आमच्यात दुखण्याला आकडा द्यायची रीत नाही.

नवरा आदिसमध्ये, कागदांची वाट बघत.
आई सेनाफेत, तिचा फोन लागत नाही.
आणि एक नदी, जिच्याबद्दल ती बोलत नाही.
मीही विचारत नाही.
मीही ती ओलांडलेली आहे.

पाचव्या तासाला ती म्हणाली, "त्याला गप्प कर."
मी फोन उशीखाली सरकवला.
(नियम मोडला. लिहून ठेवा.)
उशीतून तो बिचारा बराच वेळ
दोन्ही भाषांत हॅलो, हॅलो करत राहिला.

मग माझ्याजवळ एकच शब्द उरला: अजोखी.
बाईला म्हणायचा शब्द. पुरुषाला म्हणताना शेवट बदलतो.
धीर धर म्हणणारा दारात उभा राहून म्हणू शकतो.
अजोखी म्हणणारीचा हात
तोवर पिरगळून झालेला असतो.
कळ चढली, अजोखी.
उतरली, पाण्याचा घोट.
चढली, अजोखी, कमरेवर माझी मूठ रुतवून.
कधीतरी टूरबिएर्गनंही चष्मा काढून ठेवला
आणि "अयोकी, अयोकी" म्हणू लागली,
चुकीच्या उच्चारात, अगदी बरोबर वेळी.

मुलगी झाली.

आमच्याकडे मुलगा झाला तर सात इलिल्ता, मुलगी झाली तर तीन.
जीभ टाळ्याशी नाचवून हवेत सोडलेला तो लांब सूर
ऐकूनच गावाला कळतं, विचारावं लागत नाही.
माझ्या वेळी शगराबच्या छावणीत एकही झाली नाही.
रात्र होती, आणि लोक झोपलेलेच बरे होते.

मी तोंडावर हात धरून सुरू केलं,
शेजारच्या खोलीत कुणी असेल म्हणून.
एक.
दोन.
तीन.
इथं थांबायचं असतं.
पण फाटक्या घशानं लेतेब्रहाननं सूर धरला,
बाहेर कुठलंसं दार उघडलं,
माझा हात तोंडावरून कधी गळून पडला,
आणि पुढचं मोजायचं राहून गेलं.

सहा दहाची बस.
मनगटावर तिच्या नखांच्या चार कोरी,
कोट एका हातानं मिटून धरलेला.
संध्याकाळी गाअत करून न्यायचं:
पीठ, उकळतं पाणी, मधोमध खळगा,
खळग्यात लोणी आणि बेर्बेरे.
इथलं लोणी खारट असतं, बिनमिठाचं शोधावं लागेल.

यंत्रासमोर उभी राहिले तेव्हा आठवलं,
उशीखालचा फोन मी बंद केलाच नव्हता.
म्हणजे तो शेवटपर्यंत होता.
बेर्गेनच्या कुठल्यातरी खोलीत, कानाला यंत्र लावून, एकटा.
किती झाल्या,
त्याला ठाऊक असेल.