चोवीस जूनपर्यंत

पहाटे पाचला सरीवरचं काळं प्लास्टिक उचलतात,
तेव्हा ब्रांडेनबुर्गच्या वाळूला
कुठेतरी भेग गेलेली असते, केसाएवढी.
व्हियोरिका तिथे दोन बोटं खुपसते,
चाचपते,
मग लांब सुरी खाली सारून
वर काढते पांढरी शतावरी,
ओल्या मेणबत्तीसारखी, गार.
उजेड लागला की टोक जांभळं पडतं
आणि भाव उतरतो.
म्हणून सगळी घाई.

नवाच्या ठोक्याला तीच जुडी
हमरस्त्याकडेच्या टपरीत.
टपरी स्ट्रॉबेरीच्या आकाराची, हिरव्या देठासकट.
तिच्या पोटात इर्मट्राउटबाई, गुडघ्यांवर शाल.
नवे बटाटे, अंगठ्याएवढे. सोलायचे नाहीत, नुसते घासायचे.
रुबार्बचे लाल दांडे; पानं खाऊ नका हं, बाधतात.
शतावरीच्या साली ती वेगळ्या बांधून देते:
"सूप करा. पैसे मोजलेत ना त्यांचेही?"

जून सरकतो.
खडूने लिहिलेला भाव रोज पुसून थोडा खाली येतो.
मग एका सकाळी फळीवर चेरीची पहिली करंडी,
आणि बाई पुटपुटते तिकडची जुनी म्हण:
चेरी झाली लाल,
शतावरीचा काळ.

दूर रोमानियातून आईचा फोन:
"आपलं झाड लगडलंय गं. साळुंक्यांनी धाड घातलीय.
यंदा तरी?"
"चोवीसपर्यंत, आई."
नऊ वर्षं हेच उत्तर.

चोवीसला दुपारी सुऱ्या धुतल्या,
प्लास्टिकची भेंडोळी झाली.
मुळांनाही दम खाऊ द्यावा लागतो, मालक म्हणाला,
नाहीतर पुढच्या साली काय कापाल?
पाठींविषयी तो काही बोलला नाही,
पण प्रत्येकीला किलोभर दिली,
तुटक्या टोकांची.

जुलैत स्ट्रॉबेरीची टपरी ट्रकवर चढते,
दोरखंडांनी आवळलेली, देठ वाऱ्यात.
रस्त्याकडेला कमरेएवढं हिरवं धुकं.
"बडीशेप का ही?" नवखा ड्रायव्हर विचारतो.
"शतावरी," इर्मट्राउटबाई म्हणते,
"कापली नाही की अशी दिसते."

त्याच सुमारास व्हियोरिका
पायरीवर बसून बरणीचं झाकण फिरवते.
झाडावर आता पानंच.
पाकातल्या चेऱ्या तळाला गेलेल्या.
चमचा शेजारीच आहे,
तरी ती दोन बोटं घालते,
चाचपते.